पीठ मुलांनाच मोजू द्या

मुलांना घेऊन बेकिंग करायचं ठरवलं की मोजणं, मिसळणं, साचा भरणं हे सगळं बहुतेक वेळा मोठी माणसं उरकतात आणि मुलांच्या वाट्याला शेवटी रंगीत साखर भुरभुरण्याचं काम येतं. ते दोन मिनिटांत संपतं, मूल ओट्यापासून निघून जातं आणि दर पाच मिनिटांनी येऊन ‘झालं का?’ विचारत राहतं. त्यात मुलाची काहीच चूक नाही. ज्या कामावर पदार्थ जमणं-बिघडणं ठरतं, ते काम त्याच्या हाती आलेलंच नसतं. म्हणून मुलांना खरं काम द्यायचं आणि ते त्यांच्या हातून नीट होईल अशी तयारी आधी आपण करून ठेवायची, एवढ्याच बेताने हा लेख लिहिला आहे.

ओव्हन आजवर कधी वापरला नसेल तरी हरकत नाही. खाली केळ्याचे मफिन आहेत, बिस्किटं आहेत, एकाच पिठातून होणारे पाव आणि पिझ्झा आहेत आणि रोजच्या जेवणाला चालतील असे दोन पदार्थ आहेत. सगळं एकदम करायला जाऊ नका. मफिन आधी दोन-तीनदा करा. मुलांना तीच कृती पुन्हा करायला आवडते आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पुढे काय करायचं हे ती आपल्याआधी सांगायला लागतात. दर आठवड्याला नवा पदार्थ शोधण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

ओव्हन, वजनकाटा आणि दोन पांढऱ्या पावडरी

ओव्हन आधी तापवून घ्यायचा असतो. मिश्रण साच्यात जायच्या वेळी आतलं तापमान ठरलेल्या अंशावर पोचलेलं हवं. त्यासाठी साधारण १५ मिनिटं लागतात, म्हणून कृतीला हात घालण्याआधीच ओव्हन सुरू करा. ओव्हनमध्ये गरम हवा फिरवणारा पंखा असेल, तर कृतीत दिलेल्या तापमानातून २० अंश कमी करा. या लेखातली तापमानं बिनपंख्याच्या ओव्हनची आहेत. ट्रे मधल्या कप्प्यात ठेवा आणि भाजण्याचा निम्म्याहून जास्त वेळ होईपर्यंत दार उघडू नका. दार उघडताच गरम हवा बाहेर पडते आणि नुकतं फुगू लागलेलं मिश्रण खाली बसू शकतं.

मायक्रोव्हेव असेल तर त्यात कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवा फिरवून भाजण्याची, सोय आहे का ते बघा. ती असेल तर या लेखातलं सगळं त्यात होतं आणि त्या मोडवर धातूचा साचाही चालतो. नुसत्या मायक्रोव्हेव मोडवर मात्र धातूचं भांडं ठेवायचं नाही. शिवाय त्या मोडवर पदार्थ शिजतो, पण त्याला खरपूस रंग येत नाही.

एकच वस्तू विकत घ्यायची झाली तर डिजिटल वजनकाटा घ्या. कपाने मोजलेलं पीठ कधी १२० ग्रॅम भरतं तर कधी १५०. कप पिठात खुपसून भरला की पीठ दाबलं जातं, चमच्याने हलकं भरलं की कमी बसतं. काट्यावर हा घोळच उरत नाही. आणि मुलांना काटा फार आवडतो. आकडा १९२ वर आला आहे, २०० हवेत, मग चमच्याच्या टोकाने चिमूट चिमूट पीठ टाकत, श्वास रोखून आकड्याकडे बघणं हे पाच वर्षांच्या मुलालाही जमतं. १९८, १९९... आणि हात सुटून २०४ झाले तर चार ग्रॅम परत काढायचे. हे काढणंही त्यालाच करू द्या. चमच्यांची मापं मात्र लागतातच: मोठा चमचा १५ मिलिलिटरचा, छोटा ५ मिलिलिटरचा. छोटा चमचा नेहमी सपाट भरायचा, शीग लावून नाही. चमचा भरून वरून सुरीची पाठ फिरवायला मुलांना एकदा दाखवलं की पुरतं.

खायचा सोडा आणि बेकिंग पावडर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोड्याला आंबटपणा मिळाला की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मिश्रण फुगतं. म्हणून तो दही, ताक, केळं, लिंबू अशांच्या जोडीने वापरतात. बेकिंग पावडरमध्ये सोडा, कोरडं आम्ल आणि थोडं स्टार्च आधीच मिसळलेलं असतं, तिला ओलावा आणि उष्णता मिळाली की काम भागतं. डबा जुना असेल तर तपासून घ्या: अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर गरम पाण्यात टाका, सोडा असेल तर व्हिनेगरमध्ये. जोरात फसफसलं तर पावडर चांगली, गप्प बसली तर टाकून द्या. ही तपासणी मुलांकडून करून घ्या. फुगण्यामागे काय आहे ते न सांगता त्यांना दिसतं.

कुणाला काय जमतं

वय हा ढोबळ अंदाज आहे, आपल्या मुलाचा हात आपल्यालाच जास्त माहीत. दोन-तीन वर्षांचं मूल भाजी धुतं, पानं हाताने तोडतं, मोजून ठेवलेल्या वाट्या मोठ्या भांड्यात ओततं. चार-पाच वर्षांत केळं कुस्करणं, ढवळणं, बिनधारेच्या सुरीने मऊ फळं कापणं जमायला लागतं. सहा ते आठ या वयात वजन करणं, अंडं फोडणं, पीठ मळणं, लाटणं. नऊ-दहानंतर आपण शेजारी उभं राहून धारदार सुरी, किसणी आणि गॅसवरचं ढवळणं हळूहळू सोपवता येतं. गरम ट्रे ओव्हनमध्ये ठेवणं-काढणं हे लहान मुलांसाठी मोठ्यांचंच काम. मूल तेवढ्या उंचीचं, ताकदीचं आणि सावध झालं की मगच ते द्या. तोवर ओव्हनपासून दोन पावलांवर जमिनीला चिकटपट्टी लावून सीमा आखा. ‘लांब हो’ म्हणण्यापेक्षा ‘पट्टीच्या मागे’ हे मुलांना लवकर कळतं.

अंडं फोडणं मुलांना फार हवंसं वाटतं आणि मोठे नेमकं तेच टाळतात. ते शिकवायची पद्धत साधी आहे. अंडं भांड्याच्या कडेवर आपटायचं नाही, सपाट ओट्यावर एकदा टक् करून आपटायचं. कडेवर आपटलं की कवचाचे तुकडे आत घुसतात. सपाट जागेवर आपटलं की मध्ये खळगा पडतो आणि आतला पापुद्रा तुकडे धरून ठेवतो. मग दोन्ही अंगठ्यांची टोकं त्या खळग्यावर ठेवायची, वाटीच्या अगदी जवळ आणायचं आणि पुस्तक उघडतो तसं उघडायचं. फोडायचं ते नेहमी वेगळ्या वाटीत, मिश्रणात थेट नाही. कवचाचा तुकडा पडलाच तर ओल्या बोटाने किंवा कवचाच्याच मोठ्या तुकड्याने काढायचा. अंडं हाताळून झालं की साबणाने निदान २० सेकंद हात धुवायचे.

कच्चं मिश्रण चाटायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा आणि पाळा. कच्च्या अंड्यात साल्मोनेला असू शकतो हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, पण कच्चं पीठसुद्धा जंतुमुक्त नसतं. त्यात ई. कोलायसारखे जिवाणू असू शकतात, ते भाजल्यावरच मरतात. तेव्हा बिनअंड्याचं मिश्रणही चाटू नये. नुसतं ‘नको’ म्हटल्याने मूल हिरमुसतं, म्हणून त्याच्यासाठी चाखायला वेगळं काहीतरी ठेवा: केळ्याचा तुकडा, बेदाणे, चॉकलेटचे खडे. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, भाजलेल्या पदार्थातलाही नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, अख्खे बदाम घशात अडकू शकतात, ते बारीक कुटून घाला. द्राक्षं उभी चिरून द्या.

केस बांधलेले, बाह्या वर सरकवलेल्या, उभं राहायला न डगमगणारं स्टूल. चटका बसलाच तर भाजलेला भाग लगेच नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, लोणी यांपैकी काहीही लावू नका. फोड मोठा असेल किंवा चेहऱ्यावर, तळहातावर असेल तर डॉक्टरांकडे जा.

केळ्याचे मफिन

सुरुवातीला हाच पदार्थ निवडण्याचं कारण असं की यात लोणी-साखर फेटत बसावं लागत नाही, यंत्र लागत नाही आणि थोडं इकडेतिकडे झालं तरी मफिन खाण्याजोगे होतातच. केळी सालीवर काळे ठिपके पडलेली घ्या. पिकताना केळ्यातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून तशी केळी गोड आणि मऊ असतात आणि वरून साखर कमी लागते.

साहित्य, १२ लहान मफिनसाठी: सोललेली पिकलेली केळी ३०० ग्रॅम (मध्यम आकाराची तीन), साखर १०० ग्रॅम, वास नसलेलं तेल ८० मिलिलिटर, अंडं १ किंवा त्याऐवजी घट्ट दही ४ मोठे चमचे, मैदा २०० ग्रॅम (निम्मी कणीक घेतली तरी चालते), बेकिंग पावडर १ छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा.

१. ओव्हन १८० अंश सेल्सियसवर लावा. साच्यात कागदी कप ठेवा. हे काम सगळ्यात लहान मुलाचं.

२. मोठ्या भांड्यात केळी काट्याने कुस्करा. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चांगलं, खाताना केळ्याची चव मध्येच लागते.

३. त्यात साखर, तेल आणि अंडं किंवा दही घालून एकजीव करा. इथपर्यंत कितीही जोरात ढवळलं तरी बिघडत नाही, तेव्हा मुलांना मनसोक्त ढवळू द्या.

४. दुसऱ्या भांड्यात मैदा, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ चाळून घ्या. सोड्याची गुठळी राहून गेली तर त्या घासाला कडवट साबणासारखी चव येते, म्हणून चाळणं टाळू नका.

५. कोरडं मिश्रण ओल्यात घाला आणि आता हात आवरा. मैद्याला ओलावा मिळून तो ढवळला जाऊ लागला की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंफून ग्लुटेन तयार होतं. पावाला ते हवं असतं, मफिनला नको. जास्त ढवळलं तर मफिन चिवट होतात आणि आत उभी बोगदे पडल्यासारखी भोकं दिसतात. मुलाला ‘हळू’ सांगून काही होत नाही, आकडा सांगा: तळापासून वर असं मोठ्याने मोजत १५ वेळा उलटायचं आणि थांबायचं. कोरडं पीठ दिसत असेल तर आणखी दोन-तीन वेळा. थोड्या गुठळ्या राहिल्या तर राहू द्या.

६. कप पाऊण भरा आणि लगेच ओव्हनमध्ये ठेवा. ओलं लागल्याबरोबर सोड्याचं काम सुरू होतं, मिश्रण तसंच ठेवून दिलं तर हवा निघून जाते.

७. १८ ते २२ मिनिटं. १८व्या मिनिटाला मधल्या मफिनमध्ये टूथपिक खुपसून बघा. ओलं मिश्रण चिकटलं नाही, एखाददुसरा चुरा लागला, तर झालं. साच्यातच पाच मिनिटं ठेवून मग जाळीवर काढा. साच्यातच ठेवून दिले तर वाफेने खालून ओले होतात.

काचेच्या दारातून बघायला मुलांना बसवा, अर्थातच पट्टीच्या मागे. साधारण आठव्या-दहाव्या मिनिटाला कडा वर येतात, मध्ये अजून खळगा असतो. मग मध्यभाग हळूहळू वर चढतो, त्याला एक बारीक भेग पडते आणि त्या भेगेतून ओलं मिश्रण चमकताना दिसतं. ती चमक गेली की टूथपिक हातात घ्यायची वेळ झाली.

एक-दोन-तीन बिस्किटं

ही कृती पाठ करायला कागद लागत नाही: वजनाने एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. पहिल्यांदा ५० ग्रॅम पिठीसाखर, १०० ग्रॅम लोणी आणि १५० ग्रॅम मैदा घ्या. शाळेत जाणाऱ्या मुलाला दुप्पट करायला सांगा, गुणाकार आपोआप होतो. लोणी बोट दाबल्यावर खड्डा पडेल इतपत मऊ हवं, वितळलेलं नको. आधी लोणी आणि साखर कालवा, मग मैदा आणि चिमूटभर मीठ घालून हाताने गोळा करा. लोणी खारट असेल तर मीठ घालू नका. मळायचं नाही, गोळा जमला की थांबायचं.

गोळा चपटा करून, गुंडाळून अर्धा तास फ्रिजमध्ये. मग दोन बटर पेपरच्या मध्ये ठेवून अर्धा सेंटिमीटर जाडीचा लाटा. कागद असला की लाटण्याला चिकटत नाही आणि मुलांना वरून आणखी पीठ भुरभुरावं लागत नाही. (जास्तीच्या पिठाने बिस्किटं कोरडी होतात.) साचा नसेल तर वाटीच्या कडेने कापा. कापलेले तुकडे ट्रेवर मांडून पुन्हा दहा मिनिटं गार करा, म्हणजे आकार पसरत नाहीत. १७० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. कडा सोनेरी झाल्या की काढा, जरी मध्यभाग दाबल्यावर मऊ लागला तरी. गार होताना ती खुसखुशीत होतात. मऊ आहेत म्हणून आणखी भाजत राहिलात तर कडक होतील.

एक पीठ, पाव आणि पिझ्झा दोन्ही

मुलांबरोबर करण्याजोगं सगळ्यात सुंदर काम हेच आहे असं मला मनापासून वाटतं. इथे मफिनच्या उलट सगळं: जितकं मळाल तितकं चांगलं आणि घाई अजिबात करायची नाही.

मैदा ५०० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, कोमट पाणी ३२० मिलिलिटर, तेल २ मोठे चमचे. यीस्ट म्हणजे जिवंत सूक्ष्म बुरशी. पाण्याची धार मनगटावर घेऊन बघा, ऊनही लागायला नको आणि गारही. ३५ ते ४० अंशांच्या आसपासचं पाणी त्याला मानवतं, ६० अंशांच्या घरात गेलं की यीस्ट मरतं आणि मग कितीही वाट पाहिली तरी पीठ फुगत नाही. इन्स्टंट यीस्ट थेट पिठात मिसळता येतं. टपोऱ्या दाण्यांचं ॲक्टिव्ह ड्राय यीस्ट असेल तर ते आधी कोमट पाण्यात चिमूटभर साखरेसोबत दहा मिनिटं ठेवा. वर फेस आला तरच पुढे जा.

सगळं एकत्र करा आणि गोळे वाटून द्या, ज्याला जेवढं झेपेल तेवढं. पहिली दोन मिनिटं पीठ बोटांना चिकटेल, मुलं हात पुढे करून ‘बघ’ म्हणतील. लगेच कोरडं पीठ घालू नका. मळता मळता ते आपणच सुटं होतं. तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने पुढे ढकलायचं, घडी घालायची, पाव फेरा फिरवायचं, पुन्हा ढकलायचं. दहा मिनिटांनी लहान गोळी तोडून दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणा. फाटायच्या आधी ती पातळ पडद्यासारखी झाली आणि खिडकीकडे धरल्यावर पलीकडचा उजेड दिसला, तर मळणं पुरेसं झालं. लगेच फाटली तर आणखी तीन-चार मिनिटं. हा पडदा दिसायला हवा म्हणून मुलं कंटाळता कंटाळताही मळत राहतात.

आता भांड्याला तेलाचा हात लावून पीठ झाकून ठेवा. दुप्पट व्हायला उबदार हवेत पाऊण ते एक तास, थंडीत दीड-दोन तास. घड्याळापेक्षा पिठाकडे बघा. त्यासाठी एक युक्ती: थोडंसं पीठ सरळ कडांच्या काचेच्या ग्लासात दाबून बसवा आणि त्याच्या उंचीवर रबर चढवा. दर पंधरा मिनिटांनी मुलं ग्लास बघून येतात. काचेच्या आतून आधी टाचणीच्या डोक्याएवढे, मग वाटाण्याएवढे बुडबुडे दिसतात आणि पीठ रबराच्या वर चढतं. रबरापासून जितकी उंची खाली, तितकीच वर झाली की दुप्पट झालं.

निम्म्या पिठाचे आठ पाव करा. गोळ्याच्या कडा खाली ओढून गोल करायचा, म्हणजे वरची बाजू ताणलेली राहते. ट्रेवर मांडून, झाकून अर्धा तास पुन्हा फुगू द्या, वरून दुधाचा हात फिरवा आणि २०० अंशांवर १५ ते १८ मिनिटं भाजा. पाव उलटा करून बुडावर टिचकी मारली की पोकळ आवाज यायला हवा. गार होईपर्यंत कापू नका, आतली वाफ अजून काम करत असते. कापलात तर मध्यभाग चिकट राहतो.

उरलेल्या निम्म्याचे दोन पिझ्झा. बटर पेपरवर हाताने दाबत दाबत पसरा, लाटणं नको, त्याने आतली हवा जाते. टोमॅटोचा सॉस (कृती पुढे ‘जेवणाला’मध्ये आहे) अगदी पातळ थरात आणि वरचं साहित्य मोजकं. मुलांचा हात इथे सढळ सुटतो, म्हणून प्रत्येकाला एकेक वाटीच द्या, संपली की संपली. पाणी सुटणाऱ्या भाज्या आधी परतून घ्या. ओव्हन २२० अंशांवर, त्यात उपडा ट्रे आधीच तापवून ठेवा आणि त्यावर कागदासकट पिझ्झा सरकवा. १२ ते १५ मिनिटं. बटर पेपर किती तापमान सोसतो ते त्याच्या वेष्टनावर लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

एवढा वेळ सलग हाताशी नसेल तर मळलेलं पीठ झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. तिथे ते हळूहळू फुगतं आणि चवही जास्त चांगली येते. लहान मुलांसाठी तर मळणं एका संध्याकाळी आणि भाजणं दुसऱ्या दिवशी, ही विभागणीच बरी.

जेवणाला

टोमॅटोचा एकच सॉस करून ठेवा, तो पिझ्झालाही चालतो आणि पास्त्यालाही. तेलात लसूण परतून अर्धा किलो टोमॅटोचा लगदा आणि मीठ घाला, २० मिनिटं मंद आचेवर आटवा. ३०० ग्रॅम पास्ता पाकिटावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं कमी उकडा, सॉसमध्ये कालवा, हवं तर पास्त्याचं थोडं पाणी घाला, वर चीज किसा, २०० अंशांवर २० मिनिटं. किसणीवर चीजचा शेवटचा तुकडा किसायचा नाही, तो किसणाऱ्याने खाऊन टाकायचा. बोटं सोलवटत नाहीत आणि मुलांना हा नियम आवडतो.

एका ट्रेमधल्या भाज्या त्याहून सोप्या. बटाटा, गाजर यांचे दोन सेंटिमीटरचे तुकडे तेल-मिठात घोळून २०० अंशांवर ठेवा, १५ मिनिटांनी ब्रोकोली, सिमला मिरची अशा लवकर होणाऱ्या भाज्या घाला आणि आणखी १५ ते २० मिनिटं भाजा. तुकडे एकाच थरात आणि सुटे हवेत. दाटीवाटीने भरले की भाज्या स्वतःच्याच वाफेत शिजतात, खरपूस होत नाहीत. सोबत कोंबडीचे तुकडे भाजणार असाल तर सगळ्यात जाड भागात ७४ अंश झाल्याशिवाय वाढू नका. कच्चं मांस हाताळायचं काम मोठ्यांनीच करावं.

मुलाने स्वतः निवडलेली, धुतलेली, कापलेली भाजी ताटात आली की ती निदान एकदा चाखून बघायला ते जास्त राजी होतं. नाही चाखली तरी आग्रह करू नका, पुढच्या वेळी पुन्हा कापायला द्या. निवड मात्र दोनच गोष्टींतली ठेवा: ‘गाजर की ब्रोकोली?’ असं विचारलं की उत्तर मिळतं. ‘काय करूया?’ असं विचारलं की बहुतेक वेळा पिझ्झाच.

असं का झालं?

मफिन मध्येच खचले तर दार लवकर उघडलं, आतून कच्चे राहिले किंवा सोडा-पावडर जास्त पडली. टोकदार डोंगर होऊन खूप फाटले तर ओव्हन जास्त तापला होता. घरगुती ओव्हनची तबकडी आणि आतलं तापमान यांत बऱ्याचदा फरक असतो, म्हणून आत ठेवायचा छोटा थर्मामीटर उपयोगी पडतो. बिस्किटं पसरून एकमेकांना चिकटली तर लोणी फार मऊ होतं. पाव जड झाला तर यीस्ट मेलं होतं किंवा फुगायला वेळ कमी मिळाला. ही कारणं मुलांसमोर मोठ्याने शोधा, ‘तू काय केलंस’ असं विचारत नाही, तर ‘ओव्हन किती मिनिटं आधी लावला होता?’ असं विचारत.

शिजवलेलं जेवण बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. मफिन हवाबंद डब्यात दोन दिवस राहतात, बिस्किटं आठवडाभर. पाव दुसऱ्या दिवशीच कोरडे व्हायला लागतात. ते फ्रिजमध्ये ठेवले तर आणखी लवकर शिळे लागतात, म्हणून उरलेले त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाका आणि लागतील तसे गरम करा. मफिनही फ्रीझरमध्ये दोन महिने छान टिकतात.

कृती हातात बसली की मुलं स्वतःचे बदल सुचवायला लागतील. तेव्हा एक हद्द आखून द्या. मफिनमध्ये पीठ, तेल, अंडं, सोडा आणि बेकिंग पावडर यांची मापं बदलायची नाहीत. बाकी १०० ग्रॅमपर्यंत चॉकलेट, बेदाणे, कुटलेले दाणे किंवा फळांचे तुकडे, दालचिनी, लिंबाची किसलेली साल, हे सगळं त्यांच्यावर सोपवा. फळं गोठवलेली असतील तर वितळू न देता तशीच घाला, नाहीतर मिश्रण पाणचट होतं, आणि भाजायला तीन-चार मिनिटं जास्त धरा.